रामलिंगअप्पांची मिशी

मिशीचा उजवा आकडा ओल्या कापसाला लागून आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, आणि त्र्यंबककाका पाच वाजता यायचे होते.

मी कापूस डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. काळाभोर, चांगला दाट रंग होता. मग फोटोकडे पाहिलं. आमच्या घराण्याचे मूळपुरुष, कैलासवासी रामलिंगअप्पा वेळापुरे, उरलेल्या अर्ध्या मिशीनिशी माझ्याकडे बघत होते. माझ्या लग्नाला उणेपुरे सात महिने झाले होते. एवढ्या थोड्या काळात सासरच्या मूळपुरुषाची मिशी उतरवणारी सून बार्शीत दुसरी नसावी.

ही अठ्ठ्याण्णव सालातली गोष्ट. वेळापुरे म्हणजे बार्शीतले जुने कासार, तीन पिढ्यांचं बांगड्यांचं दुकान. मी माहेरी लातूरला डीटीपीचं काम करायचे, म्हणून लग्नात माझ्याबरोबर एक कॉम्प्युटर आणि एक स्कॅनरही आला होता. सासूबाईंना त्याचं काय करायचं ते कळेना. त्र्यंबककाकांना मात्र लगेच कळलं. काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. वीस वर्षं तलाठी राहून त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि घरी स्वस्थ बसवेना, म्हणून त्यांनी वेळापुरे घराण्याचा इतिहास लिहायला घेतला. चार वर्षं ते खांद्याला पिशवी लावून हिंडले. शाळांची जुनी रजिस्टरं पाहिली, नाशिकच्या उपाध्यांच्या वह्या पाहिल्या, एका पितळी घागरीवर कोरलेलं नाव उतरवून घ्यायला दोनदा करमाळ्याला गेले. घागरीवाल्या बाईंनी पहिल्या खेपेला त्यांना जुनी भांडी मोडीत घेणारा समजून परत पाठवलं होतं.

काकांचा एक नियम होता. पुरावा असेल त्यालाच पान. पुरावा म्हणजे जन्माची नोंद, दोन ओळींची माहिती आणि फोटो. यातलं एक जरी कमी पडलं तरी ते माणूस शेवटच्या पानावर 'इतर' या मथळ्याखाली बारीक अक्षरात जायचं. सातबाऱ्यावर आयुष्य काढलेला माणूस, त्याच्याशी कोण वाद घालणार?

मी घातला होता, एकदा. चंद्राआत्यांवरून.

चंद्राआत्या म्हणजे रामलिंगअप्पांची थोरली लेक. तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आल्या, पुढच्याच वर्षी अप्पा गेले, आणि मागे राहिली आई आणि सहा नि तीन वर्षांचे दोन भाऊ. दुकान आत्यांनी चालवलं. पण मोकळ्या मनगटाच्या बाईकडून बांगड्या कोण भरून घेणार? म्हणून गल्ल्यावर आई बसायची, आणि मागच्या खोलीत आत्या माल निवडायच्या, डझनं बांधायच्या, व्यापाऱ्यांना पडद्याआडून भाव सांगायच्या. ते दोन भाऊ शिकले, त्यांची लग्नं झाली, मुलं झाली. त्यातल्या थोरल्याचा मुलगा म्हणजे काका, धाकट्याचा म्हणजे माझे सासरे. घरात कार्य निघालं की आत्या चुलीपाशी असायच्या. त्यामुळे पंचवीस लग्नांच्या अल्बमांत कुठेही त्यांचा फोटो नव्हता.

काकांचा आत्यांवर जीव होता, हे मला कबूल केलं पाहिजे. तीन वेळा त्यांनी फोटोग्राफर घरी पाठवला. तिन्ही वेळा आत्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

"माझा एकदा निघालाय फोटो," त्या म्हणायच्या. "माणसाला एक पुरे."

तो एक फोटो शोधायला काकांनी सगळ्या ट्रंका उपसल्या. मिळाला नाही. आत्यांना विचारलं तर त्या म्हणत, घरातच असंल कुठंतरी. शेवटी काकांनी नाइलाजाने माझ्या हातात मजकूर ठेवला, आणि त्यात चंद्राआत्या 'इतर'मध्ये होत्या. माझं तोंड बघून काका म्हणाले, "सूनबाई, नियम एकाला एक आणि दुसऱ्याला एक असा नसतो." मिशी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी पानं छापखान्यात जायची होती. दसऱ्याला सगळ्या भाऊबंदांसमोर पुस्तकाचं प्रकाशन होतं.

पुस्तकाचं पहिलं पान अर्थातच रामलिंगअप्पांचं. बैठकीत टांगलेला त्यांचा तो मोठा फोटो म्हणजे घरातलं दैवतच. पगडी, बंद गळ्याचा कोट, कपाळावर गंध आणि आकडेबाज मिशी. त्या मिशीपायी घरातल्या प्रत्येक पुरुषाला मिशी होती. काकांची होती, सासऱ्यांची होती, आणि माझ्या नवऱ्याच्या, गिरीशच्या, कोवळ्या तोंडावरही कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखी एक होती. ती काढा म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "वेळापुऱ्यांची मिशी आहे ती, तुझी माझी नाही." मूल जन्मलं की त्याला फोटोखाली धरून नाक ताडून बघायचे. दसऱ्याला आपट्याचं पान आधी फोटोला, मग देवाला. लहानथोर सगळे फोटोपुढे डोकं टेकायचे. फक्त चंद्राआत्या त्या वेळी नेमक्या आत निघून जायच्या. म्हातारीचा बापावर काहीतरी राग असणार, असं घरात मुकाट ठरून गेलेलं होतं.

तर तो फोटो स्कॅन करायला मी माडीवर आणला. काच काढली. आत बुरशीचे पांढरे ठिपके होते. ओल्या कापसाने हलकेच पुसावं म्हटलं. फोटोला पाणी लागलं तर काय होतं, असा विचार केला नाही, कारण फोटोवरची मिशी रंगवलेली असेल हे मला कुठून ठाऊक असणार?

पहिल्यांदा मी काजळपेन्सिल आणली. उजवा आकडा पुन्हा काढला. मूळपुरुष तमाशातल्या खलनायकासारखे दिसायला लागले. तो पुसला. मग डाव्या बाजूचा थोडा पुसून दोन्ही सारखे करावे म्हटलं, तर डावाही गेला. आता पुसायचं काही उरलंच नाही, तेव्हा मी शांत झाले आणि नीट बघितलं.

मिशीखालचा ओठ पुरुषाचा नव्हता.

मी पुरती घाबरले होते, तरी हात थांबेना. कपाळावरचं गंध पुसलं. त्याखाली गोंदण निघालं. तीन ठिपके आणि खाली एक आडवी रेघ. कानाच्या वरच्या पाळीवर रंगाचा थर होता, तो पुसला, तर तिथे बुगडीचं भोक. ते तीन ठिपके आणि ती रेघ मी सात महिने रोज सकाळी चहाच्या वेळी समोर बघत होते.

मी फोटो टॉवेलात गुंडाळला आणि खाली मागच्या खोलीत गेले. चंद्राआत्या पोत्यावर बसून हिरव्या बांगड्यांची डझनं दोऱ्याने बांधत होत्या. या वयातही ते काम त्या कुणाला देत नसत.

"आत्या, माझ्या हातून एक चूक झाली," मी म्हटलं आणि टॉवेल बाजूला केला.

त्यांनी फोटो दोन्ही हातांनी धरला. उजेडाकडे केला. मला वाटलं आता रागावतील किंवा रडतील. त्यांनी पदराने फोटोची एक कड पुसली आणि म्हणाल्या,

"अशी व्हते व्हय मी? बरी व्हते की."

मग त्यांनी सांगितलं, दोरा गुंडाळत, जणू कुणा शेजारणीची गोष्ट सांगताहेत अशा आवाजात. अप्पा तीन दिवसांच्या तापात गेले. फोटो एकही नव्हता. आईने हाय खाल्ली, की पोरं मोठी होतील आणि त्यांना बाप कसा होता ते कळायचंच नाही. तेव्हा अशी सोय होती म्हणे. सोलापूरहून एक पेंटर गावोगाव फिरायचा. गेलेल्या माणसाचा फोटो नसला की घरातलं त्याच्यासारखं दिसणारं माणूस कॅमेऱ्यासमोर बसवायचा, फोटो मोठा करायचा आणि वरून रंगकाम करून गेलेलं माणूस उभं करायचा. त्याने विचारलं, यांच्या तोंडावळ्याचं कोण आहे? भाऊ चिमुरडे. सगळ्यांनी चंद्रीकडे बोट केलं.

"अप्पांचा कोट घातला, पगडी घातली. पगडी मोठी व्हती, सारखी डोळ्यावर यायची. आणि तो पेंटर मला म्हणतोय, बाबा, जरा गंभीर व्हा. मला बाबा म्हणतोय. मला हसू फुटायला लागलं. बाप जाऊन महिना झाला न्हवता, उज्ज्वले, आणि मी हसू दाबून बसलेले. ते तसंच आलंय बघ त्यात."

ते हसू मला पाठ होतं. काकांनी त्यावर पहिल्या पानावर अडीच ओळी लिहिल्या होत्या, आणि 'धीरोदात्त स्मित' हे शब्द मीच टाइप केले होते.

"पण मिशी? मिशी तर अप्पांची होती ना?"

"कशाची मिशी. अप्पांना चार केस व्हते. पेंटरनंच घातली एवढी, पोरगी दिसू नये म्हणून."

मी खाली पोत्यावर बसले. घरातल्या अकरा पुरुषांच्या मिशा माझ्या डोळ्यांपुढून गेल्या.

"मग कधी कुणाला सांगितलं का नाही?"

"आईनं शपथ घातली. म्हणली, पोरं बापाच्या पाया पडतील, पोरीच्या पाया कोण पडतंय?" त्यांनी डझनाला गाठ मारली. "तिचं खरं व्हतं. आणि मी आपल्याच पाया कशी पडू, म्हणून आत जायची."

फोटो त्यांनी माझ्याकडे परत दिला. चौकातल्या बोर्ड रंगवणाऱ्याला बोलाव आणि मिशी पुन्हा रंगवून घे, म्हणाल्या. मी म्हटलं, आत्या, हा तुमचा फोटो आहे, हा दाखवला तर तुम्हाला पान मिळेल, नाहीतर तुम्ही कायमच्या 'इतर'मध्ये. त्यावर त्या म्हणाल्या, "जाऊ दे. अप्पा नकोत व्हय पयल्या पानावर?" पण नजर टॉवेलावरच होती. बांगड्या त्यांनी चुकून तेरा बांधल्या, हे माझ्या लक्षात आलं. एकसष्ट वर्षांत त्यांचं डझन चुकलं नसेल.

बोर्डवाल्याला बोलवायची वेळच आली नाही. काका सरकारी माणूस असूनही वेळेच्या अर्धा तास आधी आले. बैठकीतल्या भिंतीवर मोकळा खिळा पाहिला आणि माझा आवाज ऐकून थेट मागच्या खोलीत आले. लपवायला टॉवेल पुरला नाही.

काकांनी फोटो पाहिला. चष्मा काढून पाहिला, लावून पाहिला. मग मला विचारलं, हे कधी झालं, कशाने झालं, त्या वेळी तिथे आणखी कोण होतं. मी पंचनाम्याला दिल्यासारखी उत्तरं दिली. रडू येत होतं, पण उत्तरं सरळ दिली.

"आत्या, हे कोण?" त्यांनी शेवटी विचारलं.

आत्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला, मान वळवली आणि कान पुढे केला. काकांनी पिशवीतून भिंग काढलं. आधी फोटोतला कान, मग समोरचा कान. मग कपाळ. गोंदण आता सुरकुत्यांत गेलं होतं, पण तीन ठिपके आणि रेघ जागेवर होती. काका भिंग हातात घेऊन समोरच्या पोत्यावर बसले. त्यांचा दुसरा हात आपोआप मिशीकडे गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला.

"माझ्या बारशाला आई म्हणाली होती, नाक अप्पांचं आहे."

"माझं हाय," आत्या म्हणाल्या.

मला हसू आलं आणि मी ते दाबलं. पण आत्याच फिसकन हसल्या, आणि मग काकाही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. चार वर्षं पुरावे गोळा केलेल्या माणसाच्या हातात आता पहिल्या पानावर लावायला काही नव्हतं. मला त्यांची दया आली. चूक माझी होती आणि ती परत जागेवर बसवता येणार नव्हती.

"मग अप्पा दिसायचे कसे?" त्यांनी विचारलं.

आत्यांनी डोळे मिटले. उघडले. "तेच तर. डोळे मिटले की हाच फोटो येतो. इतकी वर्षं बघून बघून मीच अप्पांच्या तोंडावर जाऊन बसले. तोंड न्हाई आठवत, त्र्यंबका. हात आठवतात."

काकांनी पिशवीतून वही काढली. "हात सांग," म्हणाले.

पानं दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात गेली नाहीत, संध्याकाळी गेली. रात्रभर काकांचं काय चाललं होतं मला माहीत नाही. सकाळी ते नवी दोन पानं घेऊन आले आणि जुनं पहिलं पान त्यांनी स्वतः फाडलं. मी एकही काना-मात्रा न बदलता टाइप केलं.

दसऱ्याला बार्शी, करमाळा, पुणे, लातूर मिळून चाळीसेक माणसं बैठकीत जमली. फोटो भिंतीवर होता. नवी काच, नवा हार, मिशी नाही. येणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी तिथे जायची आणि मग काकांकडे. काका उभे राहिले आणि तलाठ्याने गावसभेत फेरफार वाचावा तसं त्यांनी सगळं वाचून दाखवलं. पेंटर, कोट, पगडी, शपथ. कुणीतरी मागून म्हणालं, मग आजवर आपण कुणाच्या पाया पडत होतो?

"जिच्या पडायला पाहिजे तिच्याच," काका म्हणाले. आणि आपट्याचं पान घेऊन पुढे झाले.

त्यांनी फोटोपुढे डोकं टेकलं. क्षणभर बाकीचे घुटमळले. मग माझे सासरे गेले, मग करमाळ्याचे, मग पुण्याचे, मग सगळी रांगच लागली. ते अकरा मिशीवाले एका सतरा वर्षांच्या, हसू दाबणाऱ्या मुलीपुढे एकामागून एक वाकत होते. गिरीशने दुसऱ्या दिवशी सकाळी मिशी काढली आणि सासूबाई काही बोलल्या नाहीत. हा माझा वैयक्तिक फायदा.

आत्या त्या वेळीही आत निघून गेल्या होत्या. मी पुस्तक घेऊन मागच्या खोलीत गेले. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून आधी त्यांचं पान उघडून दाखवलं. तोच फोटो. खाली लिहिलं होतं : चंद्रभागा, वडिलांच्या कोटात, वय सतरा. दुकान यांनी राखलं. आत्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अप्पांचं कुठाय?"

मी पहिलं पान उघडलं. त्यावर फोटो नव्हता. काकांचा नियम पहिल्याच पानावर मोडला होता. नुसता मजकूर होता. त्या म्हणाल्या, वाच.

मी वाचलं. रामलिंगअप्पा उंचीला कमी होते. डाव्या अंगठ्यावर हिरव्या काचेची जुनी चीर होती. बाई बांगड्या भरायला बसली की भीतीने हात आवळते, आणि आवळलेल्या हातावर काच फुटते. म्हणून अप्पा तिला तिच्या गावचं विचारत. विहिरीला पाणी किती, म्हैस व्याली का. ती बोलायला लागली की हात सैल सुटायचा, आणि बांगडी कधी चढली ते तिला कळायचं नाही.

आत्या ऐकत होत्या. मी पुढची ओळ वाचली.

"थोरली लेक विधवा होऊन घरी आल्यावरही नवा माल आला की अप्पा तिला हाक मारत आणि तिच्या मनगटात बांगड्या चढवून बघत. बायको रागावे. अप्पा म्हणत, माप बघतोय."

आत्यांनी डोळे मिटले होते. उजवा हात त्यांनी मांडीवरून उचलून जरासा पुढे धरला होता, बोटं एकत्र, अंगठा आत, अगदी सैल.

"हं," त्या म्हणाल्या. "हे अप्पा."

मग त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि त्या पानावर डोकं टेकलं.